तानूची मांडी गेली कुठे?

एक होतं करडू. इवलंसं, ठिपक्याठिपक्यांचं. रोज तानूच्या मांडीवर निजायचं.

एकदा करडाने अंगणातला उष्टा पेरू खाल्ला. मग काय? फिच् फिच्! शिंकाच शिंका. तानूच्या मांडीवर शिंकलं. तानूच्या तोंडावर शिंकलं. तानूला ताप आला.

तानूची आई करडाला म्हणाली, "शिंक जाईस्तोवर लांब राहा."

करडाची मान खाली गेली. माझ्यामुळेच झालं, असं त्याला वाटलं.

टपटप टपटप. करडू गेलं पेरूच्या झाडाकडे.

"पेरूदादा, पेरूदादा, उष्टी फळं टाकू नकोस.
मी शिंकलो, तानू तापली, मांडी गेली."

पेरू ओशाळला. म्हणाला, "वाघूळ चावायचं थांबलं, तर मी थांबेन."

टपटप टपटप. करडू गेलं वाघळाकडे.

"वाघूळमावशी, वाघूळमावशी, पेरू चावू नकोस.
पेरू पडला, मी शिंकलो, तानू तापली, मांडी गेली."

वाघळाने पंखात तोंड लपवलं. म्हणालं, "भूक लागते रे. उंबराने फळं दिली, तर मी रानात जाईन."

टपटप टपटप. करडू गेलं रानात, उंबराकडे.

"उंबरआजोबा, उंबरआजोबा, वाघळाला फळं द्या.
वाघूळ चावलं, पेरू पडला, मी शिंकलो, तानू तापली, मांडी गेली."

उंबर हळूच म्हणाला, "एकच फांदी उरली, बाळा. कुऱ्हाड थांबली, तर फळं देईन."

खट्ट खट्ट! कुऱ्हाड कोणाच्या हातात? धाकूबाबाच्या. तानूच्याच बाबाच्या.

करडू लांबच उभं राहिलं.

"बाबा, बाबा, कुऱ्हाड थांबवा.
उंबर तुटला, वाघूळ चावलं, पेरू पडला, मी शिंकलो, तानू तापली, मांडी गेली."

धाकूबाबाचा हात थांबला. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"म्हणजे सुरुवात माझीच," तो म्हणाला. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

कुऱ्हाड थांबली, उंबर फळला.
उंबर फळला, वाघूळ रानात गेलं.
वाघूळ रानात गेलं, पेरू उष्टा होईना.
करडाला औषध दिलं, शिंक पळाली.
तानूला औषध दिलं, ताप पळाला.

आणि करडू? ते दारातच उभं. आत यायची लाज वाटत होती.

तानूने मांडी थोपटली. "ये," ती म्हणाली.

टप... टप... करडू आलं. मांडीवर डोकं ठेवलं.

धाकूबाबा दोघांजवळ बसला. करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

करडू निजलं. तानू निजली. आता तुम्हीही निजा.