घंटा स्वयंपाकघरात वाजते

दुखरा गुडघा दाबला तरी आबासाहेब हूं की चूं करेनात, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग त्यांचा पाय खुब्यातून जरा फिरवला, तर ते असे ओरडले की मीच दचकून मागे सरले. कळ गुडघ्यात येत होती, पण मूळ खुब्यात होतं. मी खुब्याचे स्नायू मोकळे करायला घेतले.

“ए पोरी, गुडघा दुखतोय माझा!” बाजार समितीचे सभापती असलेले आबासाहेब गरजले. “थांब, तुझ्या फिजिओथेरपी सेंटरच्या मॅडमनाच फोन लावतो. उद्यापासून बस घरी!”

नोकरी नवी होती. पलंगाशी घरच्यांना बोलवायच्या घंटेचं बटण होतं. ते मी दाबलं आणि दाबूनच धरलं.

“आबासाहेब, घंटा वाजली?”

“इथं कशी वाजेल? ती स्वयंपाकघरात वाजते!”

“तुमचा गुडघाही नुसती घंटाच आहे. बटण खुब्यात अडकलंय. घंटेला कितीही तेल चोळलं तरी ती थांबेल का?”

त्यांचा अंगठा मोबाईलवर तसाच राहिला. माझंही बोट बटणावरून निघेना. कोणीच कसं येत नाही?

शेवटी स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “अहो, आले! आधी ते बटण सोडा, त्याशिवाय ही घंटा थांबायची नाही!”