थोरलीची अंधूक नजर

दुर्बिणी आपसांत बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. माळावर नेमबाजीची स्पर्धा होती. मैथिलीच्या बंदुकीवर धाकटी दुर्बीण होती आणि शेजारी तिपाईवर तिच्या मामांची थोरली.

शेवटची गोळी उरली होती. हजार मीटरवरचं निशाण भर उन्हात थरथरत होतं.

"मला निशाण दिसतंय बाई," धाकटी म्हणाली. "तुला?"

"अंधूक. मी मुद्दाम त्याच्या अलीकडे बघतेय. मधली तापलेली हवा उजवीकडे वाहतेय."

"हवेकडे कसलं बघायचं! वय झालं तुझं."

थोरलीला डोळा लावून बसलेले मामा तेवढ्यात म्हणाले, "मैथिली, दोन क्लिक डावीकडे घे."

मैथिलीने धाकटीची नेम सरकवणारी चकती दोन क्लिक फिरवली आणि चाप ओढला. बंदूक उसळली. धाकटीला नुसतं आभाळ दिसलं. निशाण कुठे, गोळी कुठे, तिला काही कळेना.

तिचा आवाज एवढासा झाला. "थोरले, लागली का गं?"

मामांनी थोरलीची नजर निशाणावर आणली होती.

"मधोमध लागली, बाळा," ती म्हणाली. "नेम तुझाच होता."