मडक्याला घास घालणारा राजा

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता. मनाचा मोठा, तलवारीचा तिखट, पण दिलेला शब्द दिवस मावळेतो विसरायचा. "उद्या नक्की," असं म्हणायचा, आणि त्याचा तो उद्या काही केल्या उजाडायचा नाही.

एकदा तो रानात वाट चुकला. धूम्रा नावाच्या म्हाताऱ्या चेटकिणीनं त्याला घरात घेतलं, गरम आंबोळ्या वाढल्या. तिचं मोडकं छप्पर पाहून राजा म्हणाला, "उद्या नक्की माणसं धाडतो." राजवाड्यात गेला नि विसरला. महिन्याभरानं वादळात छप्पर उडालं, तशी धूम्रा भर दरबारात येऊन उभी राहिली.

"राजा, तुझा शब्द पाखरासारखा उडतो. तुझी राणीही पाखरू होवो."

राणी मंजुघोषा बसल्या जागी मैना झाली, बोलणं तेवढं माणसाचं उरलं. राजानं म्हातारीचे पाय धरले.

"तीन कामं कर," ती म्हणाली. "नागमणी आण. वाघिणीचं दूध आण. तिसरं मग सांगेन."

राजानं सकाळी मणी आणला, दुपारी दूध आणलं. वाघीण भली होती, तिनं चरवी भरून दिली. धूम्रानं दोन्ही जिन्नस कोनाड्यात सारले आणि एक मातीचं मडकं पुढं केलं. आत आंबलेलं पीठ बुडबुडत होतं.

"हे माझ्या आजीच्या आजीपासून जिवंत आहे. रोज सूर्योदयाला स्वतःच्या हातानं यात मूठभर पीठ आणि पळीभर पाणी घाल. वर्ष सरलं की याच्या आंबोळ्या करून राणीला भरव. तीनदा चुकलास, तर तिची माणसाची वाणी जाईल आणि ती जन्मभर मैनाच राहील."

"एवढंच?" राजा हसला. हसला बिचारा! वाघिणीचं दूध एकदाच काढायचं असतं, हे त्याच्या ध्यानी आलं नाही.

नवव्या दिवशी तो पहाटेच शिकारीला गेला. परतला, तो मैनेला निम्मे शब्द आठवेनात. पुढं महिन्यानं त्यानं आचाऱ्याला चांदीची पळी देऊन धाडलं. म्हटलं, पीठ पडल्याशी कारण. पण मडकं हात ओळखत होतं. मैनेपाशी दोनच शब्द उरले, "महाराज" आणि "उठा".

राजा ढसाढसा रडला. त्याच दिवशी जाऊन त्यानं धूम्राचं छप्पर आपल्या हातांनी शाकारलं. तेव्हापासून रोज पहाटे मैना म्हणायची, "महाराज, उठा," आणि राजा उठायचा.

मग हिवाळा आला. मडक्यातलं पीठ गार पडलं, बुडबुडा म्हणून येईना. मैनाही पिसं फुगवून गप्प बसली. प्रधान म्हणाला, "महाराज, पीठ मेलं. दुसरं आंबवू."

"शब्द या मडक्याला दिलाय, प्रधानजी."

राजानं मडकं आपल्या शालीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवलं. कुणी उठवायला नव्हतं, तरी पहाटे उठून मूठ घालत राहिला. मेल्या पिठाला राजा घास भरवतो म्हणून नगरी हसली. तो मैनेला म्हणाला, "राणी, मलाही भीती वाटते. पण मी येईन. रोज येईन." चाळीस दिवस गेले. एकेचाळिसाव्या दिवशी पिठाला एक बारीकसा बुडबुडा आला. राजा मडक्याशेजारी मटकन बसला.

वर्ष सरलं. राजानं स्वतः तवा ठेवला. पहिली आंबोळी चिकटली, दुसरी फाटली, तिसरी जाळीदार सुटली. मैनेनं चोच लावली, आणि समोर राणी मंजुघोषा उभी. घास चावत ती म्हणाली, "महाराज, मीठ विसरलात."

राजाला हसू आणि रडू एकदमच आलं.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू झालं, तसा राजा पाय न वाजवता निघाला. राणी अंथरुणातून म्हणाली, "अहो, शाप सुटला. आता तरी झोपा."

"सुटला, ते याला कुठं ठाऊक? याला भूक लागली असेल."

राणी उठली. राजानं पीठ घातलं, तिनं पाणी घातलं. त्यांची सकाळ झाली, तशी तुमची होवो.