राखून ठेवलेला आवाज

वाद्यं स्वतःचे सोबती स्वतःच निवडत, त्या काळची गोष्ट. एक स्टील गिटार आवाज कमी-जास्त करणारं, पायाने दाबायचं पेडल घ्यायला दुकानात आली.

चकचकीत पेडल म्हणालं, "पाय पडताच सभागृह दणाणून सोडीन!"

कोपऱ्यातलं झिजलेलं पेडल म्हणालं, "ताई, मी थोडा आवाज राखून ठेवीन. तुमचा सूर विझू लागला, की त्याला हळूहळू वर उचलीन."

"माझा सूर कशाला विझतोय?" गिटार फणकारली आणि चकचकीत पेडल घेऊन गेली.

पहिल्याच मैफिलीत सूर दणक्यात उठला आणि लगेच विरला. त्याला सावरायला पेडलपाशी काही उरलंच नव्हतं.

ती परत दुकानात आली, तर कोपरा रिकामा होता. समोरच्या घरातून दुसऱ्याच गिटारचा सूर येत होता. तो कितीतरी वेळ विझला नाही. ती एकटीच ऐकत उभी राहिली.