नरसव्वाची छाट

सोलापुरातल्या एका विडी कारखान्यात अंबादास नावाचा चेकर होता. बायकांच्या चांगल्या विड्याही तो खराब ठरवायचा, छाट म्हणून बाजूला काढायचा. वैतागून त्यांच्यातल्या नरसव्वानं वर्गणी भरून युनियनची पावती फाडली, तर हा पठ्ठ्या तिच्या निम्म्या विड्या छाटू लागला!

युनियनच्या शकुंतलाताईंनी मालकाला गाठलं. मालक खुर्चीत रेलून म्हणाला, "बाई, आमचा चेकर माणूस बघत नाही, विडी बघतो."

"मग आज तुमच्यासमोर बघू दे."

नरसव्वानं सूप पुढे केलं. अंबादासनं तिच्या तोंडाकडे पाहिलं नि निम्म्या विड्या भिरकावल्या. "पान जाड! तंबाखू कमी!" मागोमाग त्याचीच बायको रत्नव्वा आली. तीही तिथंच विड्या वळायची. तिचं सूप त्यानं हातसुद्धा न लावता पास केलं.

"झालं समाधान?" मालकानं विचारलं.

"झालं की," नरसव्वा म्हणाली. "एवढंच सांगायचं राहिलं, मालक. दारातच आम्ही दोघींनी सुपं बदलली होती. पास झाल्या त्या माझ्या विड्या. फेकल्या त्या यांच्या घरच्या."

यापुढे युनियनच्या बाईसमोरच छाट काढायची, असं मालकाला तिथल्या तिथं लिहून द्यावं लागलं.

सही होतेय तोवर रत्नव्वा ताईंपुढे येऊन उभी राहिली.

"ताई, माझीही पावती फाडा. घरचाच माणूस माझ्या विड्या फेकायला लागला, आता युनियनशिवाय मला कोण आहे?"