महाराजांचं कोरं ग्रंथालय

"दसऱ्यापर्यंत हे ग्रंथालय वाचकांनी गच्च भरलेलं दिसलं पाहिजे!" सोनवळचे रणधीरराजे कडाडले. "आणि एकाही पुस्तकावर डाग दिसता कामा नये! नाहीतर इथं मी माझी कबुतरं ठेवीन!"

ग्रंथपाल त्रिंबक "जी महाराज" म्हणाला खरा, पण घरी आला तो पांढराफटक पडून.

पंचाईत अशी होती, की ग्रंथालय खुद्द महाराजांनीच प्रजेसाठी बांधलं होतं. काशीहून, कलकत्त्याहून पुस्तकं आणली, शिसवी कपाटं केली. मग ती पुस्तकं इतकी देखणी दिसायला लागली, की कुणाच्या हातात द्यायचा महाराजांना धीरच होईना! पुस्तकावर डाग पाडील त्याला चावडीवर उभं करायचा हुकूम सुटला. मग येतंय कोण! लोक दारातूनच नमस्कार करून पुढं जात. शेजारच्या मारुतीलाही एवढे नमस्कार पडत नसत. त्याला निदान शेंदूर लावायला तरी कुणी हात लावी.

हे ऐकून खरी हादरली ती त्रिंबकची नवी नवरी, मथुरा. नवऱ्याची नोकरी जाईल ही काळजी होतीच. पण ती दुसऱ्या नंबरची. मुलगा ग्रंथपाल आहे एवढं ऐकूनच मथुरेनं लग्नाला होकार दिला होता. त्याचं नाक तिनं लग्नानंतर पाहिलं. बरंच मोठं निघालं. आणि आता नाक तेवढं राहणार, पुस्तकं जाणार!

सासरी अजून तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगत, "गुणाची आहे हो! मुकीच म्हणा ना!" मथुरा खाली मान घालायची. लोकांना वाटे, लाजली. ती मनातल्या मनात एखादी गोष्ट रचत असायची आणि तेवढ्यात चुलीवरची आमटी उतू जायची.

"अहो," ती म्हणाली.

त्रिंबक दचकला. "तू बोललीस?"

"आळीत पोथी लागते, तेव्हा पोथ्या किती असतात?"

"एकच की."

"आणि ऐकायला?"

"अख्खी आळी..." त्रिंबकचे डोळे चमकले आणि लगेच विझले. "पण वाचणार कोण? चार माणसांपुढं मला घाम फुटतो."

"मलाही फुटतो. पण पदर पुढं ओढला की दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रंथालयात सतरंजी पडली. हात धुऊन, पुसून मथुरेनं चौरंगावर एक कादंबरी उघडली. ऐकायला आल्या एकट्या सासूबाई, त्याही सुनेची फजिती बघायला. मथुरेचा आवाज असा, की समोरच्या माशीलाही ऐकू जाऊ नये!

"अगं, मोठ्यानं!" सासूबाई खेकसल्या. "मुकी आहेस का?"

मथुरेनं आवाज चढवला. गोष्टीतला गलबतावरचा तांडेल दोराला धरून अंधाऱ्या विहिरीत उतरला. वर कुणीतरी कोयता उचलला... आणि मथुरेनं पुस्तक मिटलं.

"बाकीचं उद्या."

"उद्या? अगं, दोर तुटला का?"

"उद्या, सासूबाई!"

सासूबाईंना घास गोड लागेना. पाणवठ्यावर त्यांनी ती विहीर, तो दोर, तो कोयता सगळ्यांना ऐकवला. कासारीण म्हणाली, दोर तुटणार. शिंपीण म्हणाली, छे, कोयता बोथट निघणार! दोघी भांडत भांडतच संध्याकाळी सतरंजीवर येऊन बसल्या. मग त्यांचे नवरे आले, काखेतली पोरं आली, काठी टेकत म्हातारे आले. दसऱ्याला तर दारात चपलांचा डोंगर झाला!

महाराज आले. तोंडात सणाचा विडा रंगला होता. त्यांनी गर्दी पाहिली, पुस्तक लांबूनच निरखलं. एक डाग नाही! त्रिंबकनं सुटकेचा श्वास घेतला, तोच...

"ही फसवणूक आहे!" महाराज गरजले. "वाचणारी ही एकटी! बाकी नुसते कान! मी वाचक मागितले होते. दाखव एक तरी वाचक! नाहीतर आणा रे कबुतरं!"

आता एखादं चतुर उत्तर द्यायला हवं होतं. मथुरेला एकही सुचेना. जन्मभर मनातल्या मनात बोललेलं सगळं ऐन वेळी तिथंच अडकलं! घाबरून तिनं एवढंच केलं, जे तिला येत होतं. पुढं वाचायला लागली.

तांडेल भुयारात शिरला. महाराज उंबऱ्यावर थबकले. तांडेलाला गंजलेला दरवाजा दिसला. महाराज सतरंजीच्या टोकाला टेकले. तांडेलानं कडीला हात घातला, आणि बंद दाराआड कुणीतरी खोकलं... महाराज सरकत सरकत कासारणीच्या शेजारी!

मथुरेनं पुस्तक मिटलं. "बाकीचं उद्या."

"उद्या? खोकलं कोण ते सांग!"

"दिवेलागण झाली, महाराज. सगळ्यांच्या चुली पेटायच्यात."

"अगं, मी राजा आहे!"

"हो महाराज. तरी उद्याच."

महाराजांना काही दम निघेना! त्यांनी झडप घालून पुस्तक उचललं, सवयीनं बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

पानाच्या कोपऱ्यात विड्याचा लालभडक ठसा उमटला होता! त्रिंबकनं डोळेच मिटून घेतले. महाराजांनी ठसा पाहिला, मग बोट पाहिलं, आणि बोट हळूच पाठीमागं लपवलं.

मथुरेचा पदर घसरला, पण तिनं तो सावरला नाही.

"महाराज, वाचक मागितला होतात ना? हा घ्या, समोर उभा आहे! आता याला डागाबद्दल चावडीवर न्यायचं, की पुढचं पान वाचू द्यायचं, तेवढा हुकूम व्हावा!"

क्षणभर महाराजांची मिशी थरथरली. मग ते असे खदाखदा हसले की काखेतली पोरं दचकून रडायला लागली.

"पुढचं पान! आधी पुढचं पान!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "त्रिंबक, आजपासून कपाटं सगळ्यांना उघडी! डाग पडले तर पडू देत. आणि सूनबाईंना पैठणी, रोजच्या वाचनाची नेमणूक आणि घरी स्वयंपाकाला राजवाड्यातली बाई!"

"बरं झालं," सासूबाई कासारणीच्या कानात पुटपुटल्या, "आमटी तरी वाचली!"

"दिवे लावा रे!" महाराजांनी मांडी ठोकली. "खोकलं कोण हे कळल्याशिवाय आज कुणी घरी जायचं नाही!"