शेवटचा माणूस म्हणेपर्यंत

पूज्य भन्ते सुमेधरक्खित पिंपळदरीच्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाला होते, तेव्हाची ही गोष्ट. वस्त्यावस्त्यांवर लग्न, नामकरण, मृतांचं पुण्यानुमोदन असे विधी करायला बौद्धाचार्य मिळेनात, म्हणून भन्तेजींनी बारा उपासक-उपासिकांचं शिबिर भरवलं. त्यात निवृत्त मुख्याध्यापक तायडे गुरुजी होते आणि त्यांच्याच शाळेत खिचडी शिजवणाऱ्या यमुनाबाईही.

गुरुजींची वंदना तोंडपाठ, एका दमात! यमुनाबाई मात्र दुसऱ्याच ओळीला अडत.

"बाई, हे खिचडी ढवळणं नव्हे!" गुरुजी म्हणत आणि सगळे हसत.

यमुनाबाई रडकुंडीला आल्या. "भन्तेजी, मालक गेले तवा दोन ओळी म्हणायले वस्तीत कोणी नव्हतं. म्हणून आली मी. पण मले नाही जमत."

भन्तेजी म्हणाले, "एक ओळ म्हणा. लोक ती मागून म्हणतील. सर्वांत शेवटच्या माणसानं म्हटली, की मगच दुसरी. तुम्ही एवढंच शिका."

रोज तेच! यमुनाबाईंना मोठं नवल वाटे. यात शिकायचं ते काय? आणि हा शेवटचा माणूस कोण? विचारलं, की भन्तेजी नुसते हसत.

शिबिराच्या अखेरच्या दिवशी गुरुजींच्या घरी त्यांच्या लेकीचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. लेक गेली तेव्हापासून गुरुजींच्या पत्नी वत्सलाताई एक शब्द बोलल्या नव्हत्या. दवाखाने झाले, औषधं झाली, काही उपयोग नाही. गुरुजी वंदना घ्यायला उभे राहिले, लेकीच्या फोटोकडे पाहिलं. तोंडपाठ वंदना, पण शब्द फुटेना! भन्तेजींनी यमुनाबाईंना खूण केली.

"बुद्धं सरणं गच्छामि," यमुनाबाई कशाबशा म्हणाल्या. लोकांनी म्हटलं. त्यांनी मागे पाहिलं. भिंतीला टेकलेल्या वत्सलाताईंचे ओठ मिटलेलेच होते.

अगं बाई! शेवटचा माणूस हाच की!

यमुनाबाई थांबल्या. लोक चुळबुळले. "पुढची ओळ विसरली वाटतं," कुणीतरी कुजबुजलं. त्या हलल्या नाहीत. वत्सलाताईंकडे पाहून त्यांनी तीच ओळ हळूच पुन्हा म्हटली आणि थांबून राहिल्या.

"बुद्धं..." भिंतीकडून घोगरा आवाज आला. "बुद्धं सरणं गच्छामि." आणि वत्सलाताईंनी वर्षभराचा हंबरडा फोडला.

काय ती घडी! सगळं घर रडत होतं. विधी पार पडल्यावर यमुनाबाईंनी विचारलं, "भन्तेजी, हे झालं कसं?"

"तुम्ही काय केलंत?"

"काई नाही जी. थांबली."

"मी वर्षभर हिच्यापुढे वंदना म्हटली," गुरुजी म्हणाले, "पण थांबलो एकदाही नाही." ते भन्तेजींच्या पायांशी वाकू लागले. भन्तेजी बाजूला सरकले. मागे यमुनाबाई उभ्या होत्या. गुरुजी तसेच पुढे झाले आणि त्यांच्यापुढे वाकले.